सतरा महिने: दारू पिऊन वाहन चालवल्याच्या गुन्ह्यानंतर फौज सोडावी की नाही, याचे एक प्रकरण

या प्रकरणातील हवालदार भूदलाच्या एका पायदळ पलटणीत होता. त्याची सेवा तेरा वर्षे सात महिन्यांची झाली होती आणि पुढच्या बढतीसाठी लागणारा प्रमोशन केडर तो उत्तीर्ण झालेला होता. मी हेड क्लार्क म्हणून निवृत्त झालो. नोकरीत असताना डिस्चार्जचे (सेवामुक्तीचे) अर्ज, शीट रोल (जवानाच्या सेवेची नोंदपत्रे) आणि पेन्शनची कागदपत्रे हेच माझे रोजचे काम असल्यामुळे ओळखीचे जवान अजूनही अशा कामांसाठी फोन करतात. हवालदाराची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत; कायदा, रकमेचा हिशेब आणि निर्णयाचा क्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे.

वार्षिक सुट्टी संपायला तीन दिवस असताना मित्राच्या घरून रात्री मोटारसायकलवर परतताना नाकाबंदीत पोलिसांनी त्याला थांबवले आणि श्वास चाचणीत रक्तातील मद्याचे प्रमाण १०० मिलिलिटरला ८२ मिलिग्रॅम आले. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ प्रमाणे ही मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. अपघात झाला नव्हता, कोणाला खरचटलेदेखील नव्हते. परंतु पोलीस नोंद करत असताना त्याने खिशातून फौजेचे ओळखपत्र काढून पुढे केले. यातून सुटका होईल, असे त्याला वाटले असावे. उपनिरीक्षकाने ते हातात घेतले, विजेरीच्या उजेडात पाहिले, त्यावरचा क्रमांक कागदावर उतरवून घेतला आणि काही न बोलता परत दिले. पुढे जे पत्र निघाले, त्याची सुरुवात त्या क्रमांकापासून झाली.

सुट्टी संपवून तो पलटणीत हजर झाला आणि कोणालाही काही बोलला नाही. बाराव्या दिवशी त्याचा मला फोन आला. स्वतःच्या विनंतीवरून डिस्चार्ज मिळण्याचा अर्ज त्याला लिहून हवा होता आणि कारणाच्या रकान्यात ‘घरगुती अडचण’ असे घालायचे होते. अडचण कोणती, असे विचारल्यावर थोडा वेळ तो गप्प राहिला आणि मग नाकाबंदीची हकिगत सांगितली. त्याचे गणित साधे होते: कोर्टाची तारीख पडण्याआधी बाहेर पडलो, तर पलटणीत नाचक्की होणार नाही, बडतर्फीचा धोका राहणार नाही, हातात एकरकमी पैसे येतील आणि एका नातेवाइकाने देऊ केलेली सुरक्षा पर्यवेक्षकाची नोकरी धरता येईल. या चारही अपेक्षा चुकीच्या होत्या, आणि त्या का चुकीच्या होत्या हे सांगण्यात आमचे पहिले दोन फोन गेले.

नाचक्कीच्या बाबतीत, नोकरी सोडल्याने गुन्हा सुटत नाही. कलम १८५ चा गुन्हा चौकीवर दंड भरून मिटवता येत नाही. तडजोडीने मिटणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत तो नाही, त्यामुळे न्यायालयात जावेच लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. शिवाय दोषी ठरल्यावर कलम २० प्रमाणे किमान सहा महिने वाहन चालवण्यास अपात्र ठरवणे न्यायालयावर बंधनकारक आहे. यातले काहीही गणवेश उतरवल्याने बदलत नाही. लष्कराचा हातही लगेच सुटत नाही: आर्मी ॲक्ट, १९५० च्या कलम १२३ प्रमाणे सेवेत असताना केलेल्या गुन्ह्यासाठी सेवा सोडल्यावरही तीन वर्षांच्या आत लष्करी खटला सुरू करता येतो. व्यवहारात इतक्या लहान प्रकरणात तसे कोणी करत नाही, हे खरे. पण शिस्तीचे प्रकरण प्रलंबित असताना डिस्चार्जचा अर्जही सहसा पुढे सरकत नाही, आणि हे पलटणीतला कोणताही बाबू सांगू शकला असता.

बडतर्फीची भीती त्याने बराकीतल्या गप्पांतून उचलली होती. ‘चार लाल शाया झाल्या की घरी’ हे वाक्य प्रत्येक जवानाने ऐकलेले असते; लाल शाई म्हणजे सेवेच्या कागदांत लाल शाईने होणारी शिक्षेची नोंद. त्याच्या नावावर नऊ वर्षांपूर्वीची, सुट्टीहून उशिरा परतल्याची एक लाल नोंद होती आणि आता दुसरी पडण्याची शक्यता होती. चार नोंदी झाल्या तरी डिस्चार्ज आपोआप होत नाही. आर्मी रूल्स, १९५४ च्या नियम १३ खाली अशी कारवाई करण्याआधी प्राथमिक चौकशी आणि कारणे दाखवा नोटीस आवश्यक आहे. जवानाची सेवा किती झाली, त्याने खडतर भागांत किती काळ काढला आणि पेन्शन किती जवळ आली आहे हेही पाहिले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या एका निकालात स्पष्ट केले आहे. आर्मी ॲक्टच्या कलम ४८ मध्ये नशेत आढळणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, ड्युटीवर नसतानासुद्धा. तथापि जवान ड्युटीवर किंवा सक्रिय सेवेवर नसेल तर कैदेची कमाल मर्यादा सहा महिने आहे. आणि फौजदारी न्यायालयाने एकदा निकाल दिला, की त्याच गुन्ह्यासाठी लष्करी न्यायालय किंवा कमांडिंग ऑफिसर पुन्हा शिक्षा करू शकत नाहीत (कलम १२१). दोषसिद्धीच्या आधारावर प्रशासकीय कारवाई होऊ शकते, तो दरवाजा उघडा राहतो. पण एकाच, कोणालाही इजा न झालेल्या घटनेवरून तेरा वर्षांच्या हवालदाराला बडतर्फ केल्याचे माझ्या नोकरीत तरी पाहण्यात आले नाही.

पैशांच्या हिशेबावर मात्र थोडे थांबावे लागेल, कारण तिथेच तो सर्वांत जास्त फसला होता. अधिकारी नसलेल्या सैनिकाला सेवा पेन्शनसाठी पंधरा वर्षांची पात्र सेवा लागते, म्हणजे त्याला सतरा महिने कमी पडत होते. काही प्रमाणात तूट माफ करण्याची तरतूद आहे. पण ती सतरा महिन्यांना पुरणारी नाही आणि स्वतःहून निघालेल्याने तिच्यावर विसंबू नये. त्याचे मूळ वेतन ३८,१०० रुपये आणि मिलिटरी सर्व्हिस पे ५,२०० रुपये, मिळून ४३,३०० रुपये होते. पेन्शन याच्या निम्मी, म्हणजे २१,६५० रुपये आणि त्यावर महागाई भत्ता. पंधरा वर्षांच्या आत बाहेर पडणाऱ्याला पेन्शनऐवजी सर्व्हिस ग्रॅच्युइटी मिळते, दर पूर्ण सहामाहीला अर्ध्या महिन्याच्या हिशेबाने. त्याच्या सत्तावीस सहामाह्या भरल्या होत्या, म्हणजे साडेतेरा महिन्यांचे वेतन. मी त्याला फोनवरच कागद-पेन घ्यायला सांगितले. साडेतेरा महिन्यांचे पूर्ण वेतन म्हणजे सत्तावीस महिन्यांची पेन्शन. ज्या रकमेला तो ‘एकरकमी मोठी रक्कम’ म्हणत होता, ती सव्वादोन वर्षांच्या पेन्शनइतकी होती, आणि त्याचे वय चौतीस होते. पलीकडून बराच वेळ फक्त पेन कागदावर टेकवल्याचा आवाज येत होता.

याशिवाय ‘माजी सैनिक’ या शब्दाचा प्रश्न होता. पेन्शन मिळण्याआधी स्वतःच्या विनंतीवरून बाहेर पडणारा सैनिक सरकारी व्याख्येप्रमाणे माजी सैनिक ठरत नाही. केंद्र सरकारच्या गट क पदांतील १० टक्के आरक्षण, ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची सोय आणि बाकी सवलती सगळ्या त्या एका शब्दाला बांधलेल्या आहेत. नातेवाइकाची नोकरीसुद्धा याच शब्दावर उभी होती, कारण त्या एजन्सीला ‘एक्स-सर्व्हिसमन’ पर्यवेक्षक हवा होता. पोलीस पडताळणीच्या अर्जात प्रलंबित खटल्यांचा रकाना असतो, हेही त्याने विचारात घेतले नव्हते.

इथपर्यंत प्रकरण सोपे वाटते, आणि मलाही तसेच वाटले होते: सतरा महिने काढ, पेन्शन घे, मग पाहू. माझा सल्ला इतकाच असता तर तो अपुरा ठरला असता. ते लक्षात आणून दिले त्याच्या पत्नीने. तिसऱ्या फोनवर ती बोलायला आली आणि तिने विचारले, “साहेब, तुम्ही पैसे मोजले, ते बरोबर आहे. पण हे अजून सतरा महिने तिथं राहून असंच पीत राहिले तर?” नवऱ्याने नोकरी सोडावी, असे तिचे मत होते, आणि त्याचे कारण लाज नव्हते. कॅन्टीनमधून दरमहा स्वस्तात मिळणारा दारूचा कोटा, बडा खाना (पलटणीची सामूहिक मेजवानी), संध्याकाळच्या बैठका यांपासून तो दूर यावा, असे तिला वाटत होते.

तिचा मुद्दा मी आधी विचारात घेतला नव्हता, म्हणून मी पुन्हा त्या ८२ कडे वळलो. “साहेब, दोनच पेग घेतले होते,” असे हवालदार पहिल्यापासून म्हणत आला होता. आपल्याकडच्या व्हिस्की-रमवर साधारण ४२.८ टक्के मद्यार्क असे छापलेले असते. तीस मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये सुमारे दहा ग्रॅम मद्यार्क येतो आणि सत्तर किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात त्याने साधारण २० मिलिग्रॅमची भर पडते. शरीर दर तासाला सरासरी १५ मिलिग्रॅम निकालात काढते. त्याने पिणे सुरू केल्यापासून नाकाबंदीपर्यंत दोन तास गेले होते, म्हणजे सुमारे तीस मिलिग्रॅम आधीच उतरलेले होते आणि तरीही यंत्र ८२ दाखवत होते. पाच छोटे पेग तरी घेतल्याशिवाय हा आकडा येत नाही. माणसागणिक थोडाफार फरक पडतो, पण दोनाचे पाच होण्याइतका नाही. मी हे त्याला आरोप म्हणून सांगितले नाही, गणित म्हणून सांगितले. तो म्हणाला, “ग्लास मोठे होते.” मग काही वेळाने स्वतःच म्हणाला की मोजणे त्याने बऱ्याच दिवसांपासून बंद केले होते.

वकिलाने सुचवलेला बचाव इथेच गळून पडला. रक्ताचा नमुना घेतला नव्हता, यंत्रावर बोट ठेवता येईल, असे वकिलाचे म्हणणे होते. पण श्वास चाचणी खुद्द कलम १८५ मध्येच पुरावा म्हणून धरलेली आहे. आणि आकडा ३४ असता तर यंत्राच्या चुकीला काही अर्थ होता, ८२ ला नव्हता. मर्यादेच्या आत यायला त्याला आणखी साडेतीन तास थांबावे लागले असते.

माझ्या दृष्टीने प्रकरणाचा खरा पेच हा होता. डिस्चार्जचा अर्ज त्याला सगळ्या प्रश्नांवरचे एकच उत्तर वाटत होता, आणि प्रत्यक्षात समोर चार वेगवेगळी कामे होती: पलटणीला कळवणे, न्यायालयाला सामोरे जाणे, पिण्याबद्दल डॉक्टरांशी बोलणे आणि नोकरीत राहायचे की नाही हे ठरवणे. पहिल्या तिन्हींत चुकले तरी काही ना काही दुरुस्ती शक्य असते. चौथा कागद एकदा मंजूर झाला की परत फिरवणे जवळजवळ अशक्य असते, आणि तो नेमका पहिल्यांदा लिहायला घेतला गेला होता. पत्नीला मी सांगितले की तिची काळजी खरी आहे, पण नाकाबंदीची घटना सुट्टीत, घराच्या आसपास आणि फौजेबाहेरच्या मित्राकडे घडली होती. पलटण सोडल्याने दारू सुटेल याला त्या रात्रीचाच पुरावा विरोधात जात होता. तिने ते लगेच मान्य केले नाही, आणि माझ्या मते ती पूर्ण चूकही नव्हती.

पलटणीला त्याच दिवशी कळव, असे मी त्याला पहिल्या फोनपासून सांगत होतो. त्याने आणखी आठवडा घालवला. हजर झाल्यापासून एकोणिसाव्या दिवशी स्टेशन हेडक्वार्टरमार्फत पोलिसांचे पत्र पलटणीत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला सुभेदार मेजर साहेबांनी बोलावले. त्यांनी विचारलेला प्रश्न त्याने मला जसाच्या तसा सांगितला: “आठवडाभर फोनवर सल्ला घेत होतास, आणि दहा पावलांवर माझं ऑफिस होतं?” माझ्याशी झालेल्या बोलण्याची माहिती त्यांना कशी मिळाली, हे मला आजतागायत कळलेले नाही.

पुढचे कामकाज भरभर झाले. कमांडिंग ऑफिसरांनी दारूच्या गुन्ह्याला हात लावला नाही. ते प्रकरण न्यायालयात असल्याने तिकडेच राहू दिले. परंतु अशी घटना तात्काळ कळवण्याचे पलटणीचे स्थायी आदेश असताना ती दडवून ठेवल्याबद्दल आर्मी ॲक्टच्या कलम ६३ खाली, शिस्तीला बाधक वर्तन म्हणून, त्याच्यावर आरोप ठेवला. टोपी आणि बेल्ट काढून त्याला ऑर्डरली रूममध्ये, म्हणजे कमांडिंग ऑफिसरांपुढे आरोपाच्या सुनावणीसाठी, मार्च करत नेले गेले. आरोप मान्य आहे, असे त्याने सांगितले आणि सिव्हिअर रेप्रिमांड (कडक ताकीद) घेऊन तो बाहेर आला. ही त्याची दुसरी लाल नोंद, आणि ती दारूमुळे पडलेली नाही. पहिल्याच दिवशी स्वतःहून सांगितले असते तर बहुधा पडलीच नसती.

न्यायालयात त्याने गुन्हा कबूल केला. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ३ खाली केवळ समज देऊन सोडावे, अशी विनंती वकिलाने केली होती, कारण हा पहिलाच गुन्हा होता आणि कायद्याच्या मर्यादेत बसत होता. न्यायदंडाधिकाऱ्यांनी ती मान्य केली नाही. १०,००० रुपये दंड झाला आणि सहा महिन्यांसाठी परवाना गेला. मोटारसायकल सोडवून आणायला पत्नीचा भाऊ गेला आणि किल्ली त्याने बहिणीच्या हातात दिली. पलटणीने दोषसिद्धीची नोंद घेतली, खुलासा मागवला आणि पुढील कारवाईची शिफारस केली नाही.

तिसऱ्या कामाची किंमत सर्वांत जास्त मोजावी लागली आणि हे लपवण्यात अर्थ नाही. पलटणीच्या डॉक्टरांनी त्याच्याकडून जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ प्रश्नावली भरून घेतली. चाळीसपैकी आठ गुणांपासून धोक्याचे पिणे समजले जाते. त्याचे गुण सतरा आले. मिलिटरी हॉस्पिटलमध्ये मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले म्हणजे ‘शेप’ या फौजेच्या वैद्यकीय वर्गवारीतल्या एस, म्हणजे मानसिक आरोग्याच्या घटकात खालची वैद्यकीय श्रेणी मिळण्याची शक्यता असते, आणि खालची श्रेणी म्हणजे बढती लांबणे, हे हवालदारासारख्या प्रत्येक एनसीओला माहीत असते. बहुतेक जण या एका भीतीपोटी डॉक्टरांपर्यंत जात नाहीत. त्याला चोवीस आठवड्यांची तात्पुरती खालची श्रेणी मिळाली आणि त्या वर्षीच्या बढतीच्या यादीत त्याचे नाव आले नाही. त्याच्या बॅचचा एक जण पुढच्या पदावर, म्हणजे नायब सुभेदार झाला, तेव्हा त्याने मला फोन करून दहा मिनिटे माझ्यावरच राग काढला. मी ऐकून घेतले, कारण त्यातला निम्मा राग रास्त होता: हे होऊ शकते, असे मी सांगितले होते, पण नक्की होईल, असे सांगितले नव्हते. चोवीस आठवड्यांनंतर वैद्यकीय बोर्डाने त्याला पुन्हा एस-१ या वरच्या श्रेणीत घेतले. मधल्या काळात एका बड्या खान्याला त्याने घेतली, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून डॉक्टरांना सांगितले.

हाच हिशेब प्रत्येकाला लागू होईल असे नाही. एखाद्याची सेवा चार-पाच वर्षांची असेल, तर पंधरा वर्षांचे आकर्षण इतके जवळ नसते आणि सोडण्याच्या बाजूला अधिक वजन येऊ शकते. पेन्शनला पात्र झालेल्या माणसाचा प्रश्न पैशांपेक्षा उरलेल्या बढत्यांचा आणि मनःस्थितीचा असतो. अधिकाऱ्यांना पेन्शनसाठी वीस वर्षे लागतात आणि त्यांचा राजीनामा स्वीकारणे सरकारच्या हाती असते. अपघातात कोणाचा जीव गेला असेल, तर भारतीय न्याय संहितेची गंभीर कलमे लागतात आणि मग ‘राहू की जाऊ’ हा प्रश्न त्या माणसाच्या हातात फारसा उरत नाही.

सतरा महिने पुरे झाल्यावर आठवडाभरात हवालदाराचा फोन आला. अर्जाचा नमुना त्याला पुन्हा हवा होता. या वेळी कोर्ट नव्हते, पत्र येण्याची धास्ती नव्हती; मुलगी दहावीत जाणार होती आणि त्याला घराजवळ राहायचे होते. मी त्याला ‘वन रँक वन पेन्शन’चे (समान पद आणि समान सेवेला समान पेन्शन) कलम वाचून दाखवले: ७ नोव्हेंबर २०१५ च्या सरकारी आदेशाप्रमाणे, त्यानंतर स्वतःच्या विनंतीवरून बाहेर पडणाऱ्यांना हा लाभ मिळत नाही, आणि त्या अटीवर न्यायालयीन वाद झालेले आहेत. म्हणजे पेन्शन पक्की होती, पण पुढच्या सुधारणांच्या वेळी तो मागे राहू शकत होता. त्याने ते नीट लिहून घेतले. मग सांगितले की बढतीची पुढची यादी चार महिन्यांनी आहे, तिच्यात नाव आले नाही तर अर्ज देईन, आले तर नायब सुभेदार होऊन मुदत पुरी करीन. आणि कारणाच्या रकान्यात काय घालायचे, ते या वेळी त्याला मला विचारावे लागले नाही. पत्नीचे मत मी विचारले. “ती म्हणते तुम्हीच ठरवा,” तो म्हणाला. “किल्ली मात्र अजून तिच्याकडेच आहे.”